शाळांमधला एआय मोजायचा कसा: हे काम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी

"आपल्या किती शाळा एआय वापरतात?" असं शिक्षण खात्याच्या बैठकीत कुणी विचारलं की चार दिवसांत उत्तर तयार होतं. सॉफ्टवेअरचे परवाने किती घेतले, प्रशिक्षणाला किती शिक्षक बसले, किती शाळांत संगणक आहेत याची बेरीज मारली जाते आणि एक टक्केवारी पुढे सरकवली जाते. तिच्यात गणिताची चूक सहसा नसते. अडचण एवढीच की तिच्यावरून कुणालाही काहीही ठरवता येत नाही.

शिक्षण खात्यातले अधिकारी, अनेक शाळा चालवणाऱ्या संस्थांमधले लोक, संशोधनाचे विद्यार्थी, असं ज्यांच्या अंगावर हे मोजमाप नव्यानं येऊन पडलं आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. संख्याशास्त्राची पदवी लागणार नाही, त्रैराशिक आलं तरी पुरे. माझा कल आधीच सांगून ठेवतो. वापर जास्त म्हणजे स्वीकार चांगला, हे मला मान्य नाही. एखाद्या व्यवस्थेनं नीट विचार करून "पहिली-दुसरीच्या वर्गात हे नको" असं ठरवलं आणि ते पाळलं, तर त्याचेही गुण तिला मिळाले पाहिजेत. पुढच्या पायऱ्या याच आग्रहातून आल्या आहेत.

पायरी १: अडलेला निर्णय लिहून काढा

कागदावर एक वाक्य लिहा: "हे निष्कर्ष हाती आल्यावर अमुक व्यक्ती अमुक तारखेपर्यंत अमुक गोष्ट ठरवणार आहे." परवान्यांचं नूतनीकरण करायचं का, पुढच्या वर्षी प्रशिक्षण कुणाला द्यायचं, गृहपाठाचे गुण निकालात धरायचे का, काहीही असो, ते या वाक्यात बसलं पाहिजे. वाक्य पुरं होत नसेल तर प्रश्नावली छापू नका.

वरच्या तीन निर्णयांना तीन निरनिराळी मोजमापं लागतात. परवान्यांसाठी शाळावार वापर हवा. प्रशिक्षणासाठी शिक्षक नेमके कुठे अडतात ते हवं. गृहपाठासाठी मुलं घरी काय करतात ते हवं, आणि ते शाळेच्या कुठल्याच नोंदीत नसतं. तिन्ही एकाच प्रश्नावलीत कोंबली की ती चाळीस प्रश्नांची होते आणि अर्ध्यावर आल्यावर माणसं न वाचताच खुणा करू लागतात.

पायरी २: 'वापर' कशाला म्हणायचं ते पक्कं करा

अमेरिकेतली दोन सर्वेक्षणं शेजारी ठेवून पाहा. रँड या संशोधन संस्थेनं २०२३-२४ या शैक्षणिक वर्षाबद्दल विचारलं, तेव्हा इंग्रजी, गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्या सुमारे २५ टक्के शिक्षकांनी पाठाच्या तयारीसाठी किंवा शिकवताना एआय वापरल्याचं सांगितलं. गॅलप ही जनमत पाहणी करणारी संस्था आणि वॉल्टन फॅमिली फाउंडेशन यांनी २०२४-२५ बद्दल विचारलं, तर उत्तर आलं ६० टक्के. मधल्या वर्षात वापर वाढला असणारच. पण पहिल्या प्रश्नाची चौकट पाठाची तयारी आणि अध्यापन एवढीच होती, दुसऱ्याची त्याहून बरीच सैल. शिवाय गॅलपच्याच पाहणीत दर आठवड्याला वापरणारे शिक्षक ३२ टक्के होते. बातमीत कोणता आकडा झळकला असेल हे सांगायला नको.

म्हणून वापराचे निदान चार कप्पे करा: शिक्षकाची पाठपूर्व तयारी, म्हणजे टाचण, प्रश्नपत्रिका, स्वाध्याय; वर्गात मुलांसमोर किंवा मुलांच्या हातून होणारा वापर; मुलांचा स्वतःचा, शाळेबाहेरचा वापर; आणि कार्यालयातला वापर, म्हणजे वेळापत्रक, प्रवेश, गळतीचा अंदाज, पालकांना जाणारी पत्रं. पाचवा कप्पा सहज निसटतो. जुन्याच सॉफ्टवेअरमध्ये अद्ययावतीकरणातून एआय गुपचूप येऊन बसलेला असतो. तो कुणी 'स्वीकारलेला' नसतो आणि शिक्षकाला विचारलं तर तो प्रामाणिकपणे "नाही वापरत" म्हणतो. यासाठी शिक्षकाला विचारून उपयोग नाही. सॉफ्टवेअर पुरवठादारांकडून लेखी यादी मागवा.

प्रश्नात मुदत घालायला विसरू नका. "कधी वापरलं आहे का?" या प्रश्नाला काही वर्षांत सगळेच हो म्हणतील. "गेल्या ३० दिवसांत" किंवा "गेल्या शुक्रवारपर्यंतच्या आठवड्यात" असं विचारलं तरच पुढच्या वर्षीशी तुलना करता येईल.

पायरी ३: भाजक आणि नमुना

"८७ टक्के शाळांमध्ये एआयचा वापर" असं वाचलं की आधी विचारा, वापर करणारी शाळा म्हणजे कोणती? जिथे एक तरी शिक्षक वापरतो ती, असं उत्तर आलं तर हा हिशोब करून पाहा. शाळेत ४० शिक्षक आहेत आणि त्यातल्या प्रत्येकाच्या वापराची शक्यता फक्त ५ टक्के आहे असं धरा. एकही जण वापरत नसण्याची शक्यता ०.९५ चा ४० वा घात, म्हणजे जवळपास १३ टक्के. उरलेल्या ८७ टक्के शाळा 'एआय वापरणाऱ्या' ठरल्या, शिक्षक मात्र शंभरातले पाचच. एकक बदलताच आकडा सतरापट झाला, आणि कुणी खोटं बोललेलं नाही.

भाजकातून गैरसोयीच्या शाळा गाळण्याचा मोहही होतो. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालानुसार जगातल्या प्राथमिक शाळांपैकी ४० टक्केच इंटरनेटला जोडलेल्या होत्या; उच्च माध्यमिकमध्ये हे प्रमाण ६५ टक्के. "जोडणी असलेल्या शाळांपैकी" असं लिहिलं की मोठा भाग नजरेआड होतो. दोन्ही टक्केवाऱ्या द्या, सगळ्या शाळांच्या तुलनेत आणि जोडणी असलेल्यांच्या तुलनेत.

नमुन्याबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी चालेल. ४०० शिक्षक निवडले की उत्तर ५ टक्के अंश इकडेतिकडे बरोबर येतं, असं ऐकलं असेल. ते ४०० जण सुटेसुटे, चिठ्ठ्या टाकून निवडलेले असतील तरच ते खरं. प्रत्यक्षात आपण शाळेत जातो आणि एका शाळेतून २० जणांना पकडतो. एका शाळेतले शिक्षक एकमेकांसारखे वागतात, कारण मुख्याध्यापक तोच असतो आणि शिक्षक-खोलीतल्या गप्पाही त्याच. हे साम्य ०.१ एवढं धरलं (० म्हणजे साम्यच नाही, १ म्हणजे सगळे एकसारखे), तर नमुन्याची ताकद १ + १९ × ०.१ म्हणजे २.९ पटीनं घटते; १९ म्हणजे त्याच शाळेतले बाकीचे जण. तुमचे ४०० जण १३८ जणांएवढेच भरतात आणि चूक ८ टक्के अंशांवर जाते. तेच ४०० जण ८० शाळांतून पाच-पाच घेतले तर चूक ६ च्या आत राहते. प्रवासाचा खर्च वाढेल, पण आणखी शिक्षकांपेक्षा आणखी शाळा घ्या.

पायरी ४: पाच थर वेगवेगळे मोजा

साधनं, वापर, खोली (वापर किती विचारपूर्वक होतो), परिणाम आणि राखण (मुलांची सुरक्षितता, तक्रारीची सोय आणि टिकाऊपणा) असे पाच थर मी धरतो. पहिला थर मोजायला सर्वांत सोपा, म्हणून बहुतेक अहवाल तिथेच थांबतात.

साधनांमध्ये उपकरणं, जोडणी, परवाने, धोरण आणि ठरवून दिलेले तास येतात. बीजिंगनं सप्टेंबर २०२५ पासून प्राथमिक आणि माध्यमिक शाळांना वर्षाला किमान ८ तास एआय शिक्षण बंधनकारक केलं. हे साधन झालं. मुलांच्या पदरात काय पडलं ते या आकड्यातून कळत नाही. धोरणाचंही तसंच. मे २०२३ मध्ये युनेस्कोनं ४५० हून अधिक शाळा आणि विद्यापीठांना विचारलं, तेव्हा जनरेटिव्ह, म्हणजे मजकूर किंवा चित्रं तयार करून देणाऱ्या, एआयबद्दल संस्थेचं धोरण किंवा औपचारिक मार्गदर्शन असलेल्या १० टक्क्यांहून कमी निघाल्या. त्या काळी तो आकडा उपयोगाचा होता. आज धोरणाचा कागद सगळ्यांकडे सापडेल, कारण तो लिहायलाही एआय आहेच. म्हणून "धोरण आहे का?" ऐवजी तीन शिक्षकांना सहज गाठून विचारा, "मुलांनी प्रकल्पात एआय कुठवर वापरायचा, तुमच्या शाळेचा नियम काय?" तिघांची उत्तरं जुळली तर धोरण आहे असं माना.

साधनांवर विसंबण्याचा धोका पेरू या देशात दिसला. 'एका मुलाला एक लॅपटॉप' या योजनेची इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेनं ३१९ ग्रामीण शाळांमध्ये चिठ्ठ्या टाकून केलेली पाहणी २०१२ मध्ये आली. दर विद्यार्थ्यामागे संगणकांचं प्रमाण ०.१२ वरून १.१८ वर गेलं होतं. गणित आणि भाषेच्या गुणांत मात्र वाढीचा पुरावा मिळाला नाही. साधनांच्या फलकावर हा पराक्रमच दिसला असता.

आता खोली. मला वाटतं सगळ्या मोजमापाचा जीव इथे आहे, म्हणून थोडा थांबतो. १९७० च्या दशकात टेक्सास विद्यापीठात जीन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, शाळेत कोणतीही नवी गोष्ट आली की शिक्षक तिच्याशी कसं वागतात याच्या आठ पातळ्या मांडल्या. एआयला त्या अजून चपखल बसतात. सर्वांत खाली वापर नाही. मग चौकशी, म्हणजे माहिती काढणं चाललं आहे. मग तयारी, म्हणजे सुरुवातीची तारीख ठरली आहे. चौथी पातळी यांत्रिक वापराची. शिक्षक आजचा दिवस कसाबसा निभावतो, एआयनं दिलेलं टाचण जसंच्या तसं छापतो. पाचवी सवयीची. सहावीत तो मुलांकडे पाहून बदल करू लागतो: या वर्गाला हे उदाहरण अवघड गेलं, म्हणून सूचना बदलून नवं मागवलं. सातवीत तो सहकाऱ्यांबरोबर मिळून हे करतो. आठवीत मूळ पद्धतच पुन्हा तपासतो आणि पर्याय शोधतो.

ही पातळी प्रश्नावलीच्या खुणांवरून ठरत नाही, दहा-पंधरा मिनिटांची मुलाखत लागते. सुरुवात "वापरता का?" पासून. हो असेल तर "गेल्या महिन्यात वापरण्याच्या पद्धतीत काही बदललंत का? कशामुळे?" या एका प्रश्नात चौथी-पाचवी आणि सहावी पातळी वेगळी होते. वेळ वाचावा म्हणून बदल केला असेल तर शिक्षक अजून स्वतःपुरता विचार करतो आहे. मुलांना समजावं म्हणून केला असेल तर तो वर गेला. नाही असं उत्तर आलं तर "आधी वापरून सोडलंत का?" हे जरूर विचारा. मी या आठ पातळ्यांच्या बाजूला स्वतःचा नववा रकाना ठेवतो: विचारपूर्वक नकार. वापरून पाहिलं, मुलांचं लेखन सपाट होऊ लागलं, म्हणून निबंधासाठी बंद केलं, असं सांगणारी शिक्षिका सर्वांत खालच्या पातळीवर नाही. तिला 'अप्रशिक्षित' म्हणून पुन्हा पहिल्या दिवसाच्या प्रशिक्षणाला बसवलं तर तिचाही वेळ गेला आणि तुमचाही.

शिक्षकांची आणि मुलांची समज मोजायची असेल तर नवी चौकट घडवायची गरज नाही. युनेस्कोनं सप्टेंबर २०२४ मध्ये शिक्षकांसाठी १५ आणि विद्यार्थ्यांसाठी १२ क्षमतांची अशा दोन चौकटी प्रसिद्ध केल्या आहेत, दोन्हींतल्या क्षमता तीन टप्प्यांत विभागलेल्या आहेत. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या २०२९ च्या पिसा चाचणीत (१५ वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी) माध्यम आणि एआय साक्षरतेचा स्वतंत्र भाग असणार आहे. सत्तावीसच्या सत्तावीस क्षमता तपासायला निघू नका. पायरी १ मधल्या निर्णयाला लागतील त्या चार-पाच उचला.

पायरी ५: माहिती निदान तीन दिशांनी आणा

प्रश्नावली, यंत्रातल्या नोंदी आणि प्रत्यक्ष कागद. यातलं एकेकटं काहीच पुरेसं नाही.

नोंदींत लॉगिनपेक्षा संभाषणांची संख्या आणि लांबी पाहा. पासवर्ड चालतो का ते पाहून परत गेलेला माणूसही लॉगिनमध्ये मोजला जातो. युनेस्कोच्या त्याच २०२३ च्या अहवालात अमेरिकेतल्या एका विश्लेषणाचा दाखला आहे: शैक्षणिक सॉफ्टवेअरचे ६७ टक्के परवाने वापराविना पडून होते. नोंदींची दुसरी मर्यादा उलट्या दिशेची आहे. शिक्षक आणि मुलं खासगी फोनवरून, खासगी खात्यावरून जे करतात ते त्यात येत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी मोठा वापर तोच असतो. पुरवठादाराकडून मुलांची नावं असलेल्या नोंदी मागू नका. शाळा आणि इयत्तावार बेरजा पुरतात.

मुलांना "गृहपाठ एआयकडून लिहून घेतलास का?" असं थेट विचारलं तर भीती उत्तर देते. इथे यादीची युक्ती उपयोगी पडते. चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट करा. पहिल्या गटाला चार साध्या गोष्टींची यादी द्या: मोठ्या माणसाची मदत घेतली, मित्राची वही पाहिली, वगैरे. विचारा, यातल्या गेल्या महिन्यात किती केल्या? फक्त संख्या लिहायची, कोणत्या ते लिहायचं नाही. दुसऱ्या गटाला तीच यादी, पण पाचवी ओळ जोडून: "उत्तर एआयकडून घेऊन तसंच्या तसं दिलं." पहिल्या गटाची सरासरी २.१ आली आणि दुसऱ्याची २.५, तर फरक ०.४, म्हणजे अंदाजे ४० टक्के मुलांनी ते केलं. कुणी केलं हे तुम्हालाही कळत नाही आणि मुलांनाही ते समजतं. मात्र असा अंदाज डगमगता असतो. प्रत्येक गटात काही शे मुलं नसतील तर या वाटेला जाऊ नका.

एआयनं लिहिलेलं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचा आकडा निर्देशक म्हणून कधीही घेऊ नका. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के त्यांनी एआयचे ठरवले. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. या आकड्यांवर व्यवस्था मोजली तर दुसऱ्या भाषेत शिकणारी मुलं सर्वांत जास्त 'एआय वापरणारी' दिसतील.

कागदांचं काम कंटाळवाणं आहे, पण मला सर्वांत जास्त विश्वास त्यावरच वाटतो. प्रत्येक शाळेतल्या पाच शिक्षकांकडून गेल्या आठवड्याचं एक टाचण मागा: एआयनं दिलेला मसुदा आणि वर्गात गेलेली प्रत, दोन्ही. काय गाळलं, काय दुरुस्त केलं, कोणतं उदाहरण बदललं ते नोंदवा. दोन तपासनीसांनी एकमेकांशी न बोलता गुण द्यावेत. दोघांचं जमत नसेल तर दोष बहुधा गुणदानाच्या निकषांत असतो. ते दुरुस्त करून मगच पुढे जा.

पायरी ६: परिणाम, आणि तुलना कशाशी

वेळ वाचला का, हा पहिला प्रश्न येतो. गॅलपच्या पाहणीत दर आठवड्याला एआय वापरणाऱ्या शिक्षकांनी आठवड्याला सरासरी ५.९ तास वाचतात असं सांगितलं. इंग्लंडमधल्या एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशननं ६८ शाळांमधल्या २५९ विज्ञान शिक्षकांवर प्रयोग केला. काही शाळांना चॅटजीपीटी आणि मार्गदर्शिका दिली, बाकीच्यांना टाचणासाठी एआय न वापरण्याची विनंती केली. २०२४ च्या निकालात टाचणाचा वेळ आठवड्याला ८१.५ मिनिटांऐवजी ५६.२ मिनिटं निघाला. बचत २५ मिनिटांची, म्हणजे ३१ टक्के. दोन आकड्यांची व्याप्ती वेगळी आहे, पहिल्यात सगळी कामं येतात आणि दुसऱ्यात एका विषयाच्या ठरावीक वर्गांची तयारी. पण पहिल्याला तुलनेचा गट नाही आणि आवडीनं वापरणाऱ्यांनीच तो अंदाज दिला आहे. इंग्लंडच्या प्रयोगात आणखी एक चांगली गोष्ट होती: कोणतं टाचण कुणाचं हे न सांगता ते तज्ज्ञांना तपासायला दिलं आणि दर्जात फरक पडल्याचा पुरावा मिळाला नाही. वाचलेला वेळ मोजताना दर्जाही असाच मोजा.

शिकणं मोजणं याहून अवघड. तुर्कस्तानातल्या एका शाळेत जवळपास हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा प्रयोग झाला. साधा चॅटबॉट मिळालेल्या मुलांनी सरावाची उदाहरणं ४८ टक्के जास्त चांगली सोडवली. थेट उत्तर न देता इशारे देणारा चॅटबॉट मिळालेल्यांची सुधारणा १२७ टक्के होती. मग तो काढून घेऊन परीक्षा घेतली. साधा चॅटबॉट वापरलेली मुलं, कधीच न वापरलेल्यांपेक्षा १७ टक्के मागे पडली. इशारेवाल्या गटाचं नुकसान बहुतांशी टळलं, पण फायदाही दिसला नाही. यावरून तुमच्या प्रश्नावलीसाठी नियम काढा: एआय हाताशी असताना मिळालेले गुण हा शिकण्याचा निर्देशक नाही. मोजायचं तर तो बाजूला ठेवून, आणि काही आठवड्यांनी.

उलट दिशेचा अनुभव नायजेरियातल्या बेनिन सिटीचा. २०२४ मध्ये जागतिक बँकेच्या पुढाकारानं शाळा सुटल्यावर सहा आठवडे, शिक्षकांच्या देखरेखीखाली, एआयच्या मदतीनं इंग्रजीचे वर्ग झाले आणि सुमारे ०.३ प्रमाण विचलनाची, म्हणजे मुलामुलांच्या गुणांत एरवी जो फरक असतो त्याच्या सुमारे तीन दशांश, वाढ दिसली. शिक्षणातल्या प्रयोगांत हा मोठा परिणाम समजतात. मात्र तुलनेतल्या मुलांना ते जादा तासही मिळाले नव्हते, त्यामुळे वाढीतला किती भाग एआयचा आणि किती जादा शिकवणीचा, हे सुटं करता येत नाही. तुम्ही प्रयोग आखाल तेव्हा दुसऱ्या गटालाही तेवढेच तास द्या, एआयविना.

तुलनेचा गट कुठून आणायचा, हा प्रश्न बहुतेक वेळा आपोआप सुटतो. सगळ्या शाळांना एकाच वर्षी साधन देणं कुणालाच परवडत नाही. यंदा कुणाला आणि पुढच्या वर्षी कुणाला, हे ओळखीपाळखीवर न ठरवता जाहीर सोडत काढून ठरवा. पुढच्या वर्षीच्या शाळा यंदाचा तुलनेचा गट होतात.

पायरी ७: सरासरी फोडा

रँडच्या पाहणीत, २०२४ च्या शरदापर्यंत शिक्षकांना एआयचं प्रशिक्षण दिलेले अमेरिकी शाळा-जिल्हे ४८ टक्के झाले होते, वर्षभरापूर्वी ते २३ टक्के होते. छान प्रगती. फोडून पाहिलं तर कमी गरिबीच्या जिल्ह्यांत ६७ टक्के आणि जास्त गरिबीच्या जिल्ह्यांत ३९ टक्के. प्रत्येक आकडा निदान आर्थिक स्तर, मुलगे-मुली, अपंगत्व आणि शिकण्याचं माध्यम यांनुसार फोडा.

माध्यमाची चाचणी तुम्ही एका दुपारी करू शकता. पाठ्यपुस्तकातले वीस प्रश्न घ्या, साधनाला ते इंग्रजीत आणि मग शिकण्याच्या भाषेत विचारा, आणि विषयशिक्षकाकडून दोन्हीकडच्या चुका मोजून घ्या. चुकांत मोठी तफावत असेल तर कमी वापराचं खापर शिक्षकांच्या अनुत्साहावर फोडता येणार नाही.

पायरी ८: राखण मोजा

हा थर सहसा परिशिष्टात ढकलला जातो. २०२० च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमध्ये परीक्षा रद्द झाल्यावर गुणदानासाठी वापरलेल्या गणनपद्धतीनं शिक्षकांनी दिलेल्या ए-लेव्हल (शालान्त परीक्षा, जिच्यावर विद्यापीठ प्रवेश ठरतो) श्रेणींपैकी सुमारे ३९ टक्के खाली आणल्या, आणि गदारोळानंतर काही दिवसांतच ती मागे घ्यावी लागली. तो आजच्या अर्थानं एआय नव्हता. पण यंत्राचा निर्णय चुकला तर दाद कुठे मागायची, हा प्रश्न तोच. युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्यानं प्रवेश आणि मूल्यमापन करणारी साधनं जास्त जोखमीची ठरवली आहेत, आणि शाळांमध्ये भावना ओळखणाऱ्या यंत्रणांना, वैद्यकीय किंवा सुरक्षेचं कारण वगळता, फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे.

शाळेला विचारायचे प्रश्न साधे ठेवा. वापरातल्या साधनांची यादी आहे का? कोणत्या साधनाला मुलांची कोणती माहिती जाते? वयाची अट काय? जनरेटिव्ह एआयशी स्वतंत्र संभाषणासाठी युनेस्कोनं किमान १३ वर्षं सुचवली आहेत. गेल्या वर्षी तक्रारी किती आल्या, किती दिवसांत सुटल्या? यंत्राचा निर्णय माणसानं किती वेळा फिरवला? या शेवटच्या प्रश्नाला शून्य उत्तर आलं तर खूश होऊ नका, बहुधा कुणी तपासतच नाही. आणि माझा आवडता प्रश्न: कोणती साधनं तपासून नाकारली, आणि का?

टिकाऊपणाही यातच धरा. लॉस एंजेलिसच्या शाळांनी मार्च २०२४ मध्ये आणलेला चॅटबॉट, बनवणारी कंपनी आर्थिक अडचणीत आल्यानं काही महिन्यांतच थांबवावा लागला. दक्षिण कोरियात एआय पाठ्यपुस्तकं मार्च २०२५ मध्ये वर्गात आली आणि ऑगस्टमध्ये संसदेनं त्यांचा पाठ्यपुस्तकाचा दर्जा काढून त्यांना पूरक साहित्य ठरवलं. "उद्या हे बंद झालं तर पुढच्या सोमवारी काय शिकवाल?" याचं उत्तर शाळेकडे हवं.

पायरी ९: एकच गुण काढू नका

वरून आग्रह होईल: शेवटी एक आकडा द्या, क्रमवारी लावा. एका शाळेला साधनांत ९०, वापरात ८०, खोलीत २०, राखणीत १०. दुसरीला चारही ठिकाणी ५०. दोघींची सरासरी ५०. पहिलीत अपघात होण्याची वेळ आली आहे आणि दुसरी हळूहळू नीट चालली आहे, हे त्या पन्नासात कुठेच दिसत नाही. आकडा द्यावाच लागला तर सरासरी न देता सर्वांत कमी थराचा गुण द्या.

क्रमवारीचा दुसरा धोका असा की, जास्त वापर म्हणजे पुढारलेपण असं वाचलं जातं. ओईसीडीच्या २०२४ च्या टॅलिस या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणात सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरातीत सुमारे तीन चतुर्थांश शिक्षक एआय वापरत होते. जपानमध्ये पाचव्या हिश्श्याहूनही कमी. तोच जपान २०२२ च्या पिसात गणितात ओईसीडी देशांमध्ये पहिला होता. आणि एखाद्या आकड्याला बक्षीस लावलं की तो आकडा बिघडतो, हे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये पतधोरणाबद्दल सांगून ठेवलं आहे. 'प्रशिक्षित शिक्षकांची टक्केवारी' बक्षिसाला जोडून पाहा, तासाभराच्या चित्रफितींचा पूर येईल.

पायरी १०: दुसऱ्या फेरीची सोय आत्ताच करा

दरवर्षी त्याच महिन्यात मोजा; परीक्षेच्या तोंडावरचा वापर आणि वर्षारंभीचा वापर यांची तुलना होत नाही. सहा-सात प्रश्न शब्दही न बदलता कायम ठेवा, बाकीचे दरवर्षी बदलू द्या, कारण साधनांची नावं वर्षभरात जुनी होतात. प्रश्नात साधनाचं नाव न घालता काम घाला: "प्रश्नपत्रिकेचा मसुदा बनवून घेतला का?"

अहवाल जाहीर करण्याआधी प्रत्येक शाळेला तिचं पान पाठवा आणि पंधरा दिवस द्या. वस्तुस्थितीची चूक दाखवली तर दुरुस्त करा. गुण वाढवून मागितले तर नम्रपणे नाही म्हणा आणि शाळेचं म्हणणं तिच्या पानाखाली तिच्याच शब्दांत छापा.